चिमटीतलं मीठ

मिरजगावात रंगनाथ आचाऱ्याच्या आमटीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. सप्ताह असो, जत्रा असो, नाहीतर कुणाची वास्तुशांत, चुलवणापाशी रंगनाथ उभा राहिला की यजमान तिकडं वळूनही बघत नसे. आणि गंमत अशी, की हा गडी रांधताना कधी काही चाखायचा नाही. गळ्यात माळ. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. हजार माणसांची आमटी असली तरी मीठ अंदाजानं पडायचं आणि बरोबर बसायचं. नवख्या माणसाला हे पटत नसे. तो वाटीभर आमटी मुद्दाम तपासायला म्हणून घ्यायचा आणि तपासता तपासता तीन वाट्या रिचवून मोकळा व्हायचा.

अशा माणसाच्या पोटच्या पोरीनं हायवेला अंड्याचं दुकान टाकावं, यात देवाचाच काहीतरी खोडसाळपणा असणार.

निकिता नगरला हॉटेलचं शिकली. मग चार वर्षं एका परदेशी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात होती. तीन वर्षांमागं आई, जया, ध्यानीमनी नसताना गेली, तेव्हा ती दिवसकार्याला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. "जहाजाचा कंटाळा आला, अण्णा," एवढंच म्हणाली. रंगनाथानं ते खरं मानलं, कारण ते खरं मानणं सोयीचं होतं. गावाला जेवू घालणाऱ्या त्या माणसाला घरी एकट्यानं भाकरी थापून एकट्यानं खायची कल्पनाच सोसत नव्हती. मग निकितानं हायवेला पत्र्याचं शेड घेतलं, शेगडी बसवली, आणि तव्यावर पहिलं काय फोडलं, तर अंडं! रंगनाथ आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी, घरात बोलायला दुसरं माणूस नाही हे ध्यानात येऊन, आपोआप बोलायला लागला.

पुढं बापलेकीनं न बोलताच एक तोडगा काढला. रोज सकाळी सातला रंगनाथ शेडबाहेरच्या बाकावर येऊन बसायचा, तव्याकडं पाठ करून. पेपर वाचायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा, गर्दी झाली तर त्यांना ओळीनं बसवायचासुद्धा. पण त्या शेडमधल्या भांड्यातलं पाणीही घ्यायचा नाही. चहा शेजारच्या रुपालीच्या टपरीतला. दोन वर्षांत त्याची पाठ अख्ख्या पंचक्रोशीनं पाहिली होती.

निकिताकडं रोजची भुर्जी-आम्लेट असायचंच, पण रविवारी तिच्याकडं एक खास पदार्थ व्हायचा आणि त्याच्यासाठी कर्जतहून माणसं यायची. त्या पदार्थाचा जन्म जहाजावरचा. तिथं निकितासोबत दोघी होत्या. तैवानची लिन, वयानं मोठी आणि शिस्तीची कडक. आणि मेक्सिकोची रोसा, कांदा चिरतानाही गाणं म्हणणारी. कामाची पाळी सुरू होण्याआधी तिघी आपापल्या पोटासाठी एकच न्याहारी करायच्या. लिनचं पातळ धिरडं, त्यावर पसरलेलं अंडं आणि कांद्याची पात. रोसाची चटणी, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि लाल मिरची काळे डाग पडेस्तोवर भाजून वाटलेली, आणि जोडीला शिजवून घोटलेला घेवडा. सगळं त्या धिरड्यात भरायचं, वळकटी करायची, सुरीनं कापायची, वरून सोया सॉसचे थेंब आणि लिंबू. निकितानं मिरजगावात येऊन धिरड्यात मक्याचं पीठ घातलं आणि चटणी मिक्सरऐवजी पाट्यावर नेली, एवढाच काय तो फरक.

गावानं त्या पदार्थाला नाव दिलं 'तैवान'. यात गावाची चूक नव्हती. इकडं तैवान हा शब्द फक्त पेरूच्या बागेपुरता ठाऊक. दोन एकर तैवान पेरू लावलेले आप्पासाहेब पहिल्या रविवारी ताटली पुढं आल्यावर म्हणाले होते, "तैवानात पेरूबिगर अंडीबी व्हत्यात व्हय गं?" निकितानं चटणी मेक्सिकोची असल्याचं सांगितलं, तर म्हाताऱ्याला एकदम लहानपण आठवलं. "मेक्सिकोचा तांबडा गहू आमच्या बानं पेरला हुता. चपाती निस्ती वातड. चटनी बरी करत्यात पर." आणि त्यांनी दुसरी ताटली मागवली.

तर एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना निकिताला ताप आला. चार दिवसांत उतरलाही. पण त्यानंतर बाकावर बसलेल्या रंगनाथाच्या कानावर भलतंच काही यायला लागलं. एक ड्रायव्हर भुर्जी अर्धी टाकून उठला. एका बाईनं मिठाची डबी मागून घेतली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याच नवऱ्यानं पाण्याचा जग रिकामा केला. रंगनाथानं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याचा पेपर बराच वेळ एकाच पानावर थांबून राहिला.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला दोघं बसली, तेव्हा निकितानं स्वतःहूनच विषय काढला.

"अण्णा, एक सांगते. आरडाओरडा करायचा न्हाई."

"मी कवा केला गं आरडाओरडा?"

"मला चव लागंना. ताप गेला तवापासनं. वासबी येईना. हे पिठलं हाय हे मला बघून कळतंय, खाऊन न्हाई."

रंगनाथानं हातातला घास खाली ठेवला. आचाऱ्याच्या घरात जीभ जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "येती ती परत," तो म्हणाला. "लोकांची आली की. पंधरा दिवस, महिना."

"माझ्याकडं चारच दिवस हायती." निकितानं ताटातली भाकरी उगाच उलटी केली. "रविवारी लिनबाई येतीय. पुण्याला काहीतरी कामाला आलीय, तिथनं गाडी करून यायचीय."

"येऊ दे की. पाव्हणी हाय."

"पाव्हणी म्हणून न्हाई येत, अण्णा." आणि मग तिनं एका दमात सांगून टाकलं. लिन आणि रोसानं मिळून तैवानात, ताइचुंग नावाच्या शहरात, न्याहारीचं दुकान काढायचं ठरवलंय. पदार्थ तोच, तिघींचा. त्यांना तिसरी हवी आहे. निदान दोन वर्षांसाठी. पण लिनबाईचा स्वभाव असा, की तीन वर्षांत हाताची चव राहिली आहे का, हे स्वतः खाऊन बघितल्याशिवाय ती शब्द देणार नाही.

दोन वर्षं. रंगनाथानं मनातल्या मनात ती मोजून बघितली आणि मग मोजायचं सोडून दिलं. 'तुझं काय म्हणणं आहे, तुला जायचंय का?' हा साधा प्रश्न त्याच्या ओठापर्यंत आला आणि पिठल्याच्या घासाबरोबर खाली गेला. त्या घरात असले प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. जया होती तोवर बापाच्या मनातलं लेकीला आणि लेकीच्या मनातलं बापाला तीच सांगायची. तिच्यामागं ते खातं बंदच पडलं होतं.

"मग?" तो म्हणाला.

"मग मीठ तुमी टाका."

"अंड्यात?" रंगनाथाचा हात आपसूक माळेकडं गेला.

"अंडं मी फोडते. तुमी बोटबी लावू नका. पीठ, चटणी, घेवडा, ह्या तिन्हीचं मीठ तेवढं तुमच्याकडं."

"त्या रुपालीला सांग की चाखाय."

"तिला सगळंच 'छान' लागतंय. परवा मी मीठच टाकलं न्हवतं, तवाबी छान म्हणाली. आनि तिला कळलं म्हंजी गावाला कळलं. जीभ गेलेल्या बाईच्या हातचं कोन खाईल?"

रंगनाथानं बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. खरं तर तो मघाशीच कबूल झाला होता. मिठावरून कुणी शब्द टाकला आणि तो नाही म्हणाला, असं आजवर घडलं नव्हतं. शिवाय दोन वर्षांचा आकडा त्याच्या अजून नीट अंगावर आला नव्हता.

पहिली अडचण सोया सॉसची. निकितानं सांगितलं की ते खारट असतं, सगळ्यात शेवटी वरून पडतं आणि किती खारट ते शब्दात सांगता येत नाही. रंगनाथानं बाटलीवरचं चित्र निरखलं. "सोयाबीनचंच हाय ना?"

"व्हय. सोयाबीन आनि गहू."

"मग त्याला काय होतंय. आपल्याच रानात व्हतं सोयाबीन." त्यानं नवी कोरी बाटली मागवली, घरी नेली आणि देवापुढं ठेवून आणली. मग एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. डोळे मिटले, उघडले. "आगागा! हे वतनाऱ्यानं बाकीच्यात मीठ टाकताना हात बांधूनच टाकला पायजे," असा निकाल त्यानं दिला.

गुरुवारी तालमीला सुरुवात झाली. गुरुवारी निम्मं गाव अंडं खात नाही, त्यामुळं दुकानात निवांतपणा. आप्पासाहेबांना वारबीर काही नसे, म्हणून खाणारा माणूस म्हणून त्यांना बसवलं. कशासाठी ते सांगितलं नाही. आणि मग दोन वर्षांत पहिल्यांदा रंगनाथ बाकावरून उठून शेडच्या आत गेला. रुपालीनं चहाचं पातेलं तसंच ठेवून तो प्रकार पाहिला.

आत गेल्यावर रंगनाथाला उगाचच राग आला. पोरीनं पाटा दाराच्या तोंडाशी ठेवला होता, मिठाचा डबा शेगडीच्या वाफेत. त्यानं दोन्ही हलवले. पीठ बघून म्हणाला, "हे तर निस्तं धिरडं हाय. याच्यासाठी एवढ्या लांब जहाजात गेल्तीस?" भाजलेला टोमॅटो बघून म्हणाला, "हा ठेचा." घेवड्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. अंड्यांचा ट्रे आला, की तो तोंड फिरवून हायवेकडं बघायचा आणि तवा चरचरला की पुन्हा वळायचा.

न चाखता मीठ कसं कळतं, हे निकितानं लहानपणी अनेकदा विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी 'कळतंय' एवढंच उत्तर मिळालं होतं. आज मात्र त्यानं दाखवलं. वाटलेल्या चटणीवर मीठ पडलं की थोड्या वेळानं तिला कडेनं पाणी सुटतं. किती सुटलं, किती लवकर सुटलं, त्यावरून बघायचं. पिठात मीठ बरोबर असलं की ते पळीवरून धार धरून पडतं. "आनि उरलेलं बोटाला ठाऊक असतं," असं म्हणून त्यानं तीन बोटांची चिमूट दाखवली. निकितानं आपली चिमूट तिच्याशेजारी धरली. लहान होती, पण धरायची तऱ्हा तीच.

गुरुवारचा प्रयोग साफ फसला. आप्पासाहेबांनी एक घास घेतला, दोन ग्लास पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज तैवान समिंदरातनं आलाय जनू." रंगनाथ इतका वरमला की आप्पासाहेबांनाच वाईट वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं मीठ चुकलं होतं, आणि तेही एका थेंब-थेंब पडणाऱ्या काळ्या पाण्यामुळं. त्या रात्री घरी त्यानं सोयाच्या बाटलीशी जवळजवळ भांडण काढलं.

शुक्रवारी जमलं. पिठात अर्धी चिमूट, घेवड्यात नावाला, चटणीत एक पूर्ण. आप्पासाहेबांनी या वेळी पाणी मागितलं नाही. बोटं चाटली, ताटली पुढं सरकवली आणि तिसऱ्यांदा मागितलं, तेव्हा रंगनाथाच्या जिवात जीव आला. निकितानंही एक तुकडा उचलला आणि पाठमोरी होऊन खाल्ला. बराच वेळ ती तशीच उभी होती.

"चव लागत न्हाई तर कशाला खातीस?" रंगनाथ म्हणाला.

"पोटाला तर लागतंय ना," ती म्हणाली आणि तवा घासायला लागली.

शनिवारी मारुतीचा वार, दुकान बंद. मिठाची काळजी मिटली होती, आणि नेमकं तिथंच दुसरं काहीतरी उभं राहिलं. रंगनाथ सकाळी भाकरी करायला बसला आणि नेहमीच्या सवयीनं चार थापल्या. दोन तिच्या, दोन त्याच्या. पोरगी गेली की दोनच थापायच्या, हे त्याच्या मनात आलं आणि हात परातीतच राहिला. आजवर तो विचार त्यानं कामाच्या गडबडीत लांब ठेवला होता. आता काम उरलं नव्हतं आणि विचार समोर येऊन बसला होता. उद्या त्याचं मीठ जेवढं बरोबर पडेल, तेवढी पोरगी लांब जाणार होती. असला धंदा करायला त्याला कुणी सांगितलं होतं? तो दिवसभर कुणाशी धड बोलला नाही. निकितानं दोनदा विचारलं, "काय झालं?" तो दोन्ही वेळा म्हणाला, "काय न्हाई."

रविवारी गिऱ्हाइकांना सुट्टी दिली होती. सकाळी साडेआठला पांढरी गाडी शेडपुढं थांबली. लिनबाई उतरली. पन्नाशीची, आखूड केसांची, पायात कापडी बूट. तिनं निकिताला मिठी मारली, पाठीवर दोन दणके दिले आणि सरळ आत शिरली. शेगडी बघितली, तव्याच्या कडेवरून बोट फिरवून ते उजेडात धरलं, कांद्याची पात हुंगली, पाट्यावर तळहात टेकवला. रंगनाथाला ती बाई तिथंच आवडली. नव्या जागी रांधायला गेल्यावर तोही अगदी हेच करायचा. आवडली याचाही त्याला थोडा राग आला.

एवढ्यात आप्पासाहेब पिशवी घेऊन हजर. आपल्या बागेचं बेणं जिथलं, तिथलंच माणूस गावात आलंय म्हटल्यावर त्यांना राहवलं नव्हतं. त्यांनी पेरूंची पिशवी लिनबाईच्या हातात दिली. "तुमच्याच गावचा हाय. घ्या. पोरगी दिल्यागत सांबाळलाय आमी." निकितानं जेवढं जमलं तेवढं इंग्रजीत सांगितलं. लिनबाई मोठ्यानं हसली, एक पेरू काढला आणि तिथंच करकरून चावला. मग बाकावर जाऊन बसली, हात गुडघ्यावर, चेहरा कोरा. परीक्षा सुरू झाली होती.

निकितानं तवा तापवला. टोमॅटो, लसूण आणि मिरच्या भाजून पाट्यावर आल्या. वरवंटा रंगनाथाच्या हातात. पिठातलं मीठ पडलं, घेवड्यातलं पडलं. राहिली चटणी. निकिता त्याच्याकडं पाठ करून तव्यावर धिरडं पसरत होती. लिनबाई बाहेर. आप्पासाहेब लिनबाईला खुणांनी छाटणी समजावत होते. कुणाचंही लक्ष नव्हतं.

रंगनाथानं एक चिमूट चटणीत टाकली. ती बरोबर होती. आणि मग त्यानं दुसरी उचलली.

त्याचं त्यालाच नवल वाटलं, की हाताला हे कुणी सांगितलं. पण चिमूट तर वर धरलेली होती. आता नुसती बोटं सैल करायची. बाई एक घास घेईल, तोंड वाकडं करील, पोरीच्या पाठीवर हात ठेवून गाडीत बसेल. निकिता दोन दिवस रडेल, मग तोंडाची चव येईल, मग सगळं पहिल्यासारखं. चार भाकरी. कुणाला कधी कळणारसुद्धा नाही. तिला स्वतःला तर नाहीच, तिला चवच लागत नाही.

आणि तिथंच तो अडला. आजवर न चाखता रांधलेलं त्याचं अन्न ज्याच्यापुढं जायचं, तो देवळातला देव कधी तक्रार करणारा नव्हता. खारट झालं, अळणी झालं, तो तसाच हसत उभा. म्हणून तर रंगनाथाला तिथं जास्त जपावं लागायचं. ज्याला कळतं, त्याला एखाद्या वेळी फसवता येतं, तो भांडून फेड करून घेतो. ज्याला कळत नाही, त्यानं काय करावं? समोर पोरगी धिरड्यावर अंडं पसरत होती. तिच्या मानेवर घाम आला होता. आपल्या बापाच्या बोटांवर तिनं सगळं आयुष्य टाकलं होतं आणि निवांत पाठ फिरवली होती.

रंगनाथानं चिमूट परत मिठाच्या डब्यात सोडली आणि हात धोतराला पुसला. मग वरवंटा उचलून चटणी पुन्हा एकदा फिरवली.

वळकटी झाली, कापली, सोयाचे थेंब पडले, लिंबू पिळलं. निकितानं ताटली लिनबाईपुढं नेऊन ठेवली आणि बाजूला उभी राहिली. शेडच्या दारात रंगनाथ. पंगतीत पहिला घास घेणाऱ्याकडं तो आयुष्यभर बघत आला होता, पण एका घासावर एवढं टांगलेलं कधी नव्हतं. लिनबाई चावत होती. रंगनाथ तिच्या जबड्याकडं बघत होता. निकिता मात्र लिनबाईकडं बघतच नव्हती. ती टक लावून बापाकडं बघत होती. बहुतेक धीर होत नसेल, असं त्याला वाटलं.

लिनबाईनं दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. मग काटा-चमचा ठेवून दिला आणि हातानं खायला लागली. खाऊन झाल्यावर तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि निकिताला काहीतरी म्हणाली. निकितानं मान हलवली. लिनबाईनं पुन्हा काही विचारलं, तेव्हा तिनं दाराकडं बोट केलं.

"काय म्हनती?" रंगनाथानं विचारलं.

"विचारतीय, मीठ कुणी घातलं. मी सांगितलं, वडलांनी. न चाखता. तिला खोटं वाटतंय."

लिनबाई उठून दारापाशी आली. रंगनाथाचा हात हातात घेऊन तिनं बोटं उलटसुलट करून पाहिली, तव्याची कड पाहिली होती तशीच. मग कमरेत वाकून नमस्कार केला. रंगनाथानंही गडबडून हात जोडले. आप्पासाहेबांनी उगाचच टाळ्या वाजवल्या, आणि काय झालं ते नंतर रुपालीला विचारलं.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेचं ठरलं. गाडी पेरूंची पिशवी घेऊन पुण्याकडं वळली. आप्पासाहेब बागेकडं गेले. निकितानं दुकानाचा अर्धा पत्रा खाली ओढला आणि आत येऊन स्टुलावर बसली. ताटलीत दोन तुकडे उरले होते. तिनं एक तोंडात टाकला, सावकाश चावला.

"अण्णा, मीठ अगदी बरोबर पडलंय."

"सांगितलं की तिनं."

"मी सांगतीय."

रंगनाथ वरवंटा धूत होता. त्याचे हात थांबले. "तुला कळलं?"

"परवापासनं कळतंय. शुक्रवारी तुमची चटणी खाल्ली तवाच जीभ आली."

"मग?" रंगनाथ एकदम तापला. "मग मला कशापायी उभं केलंस इथं? तुझं तू टाकायचं की मीठ!"

"टाकलं असतं. आनि लिनबाई व्हय म्हणाली असती. आनि मी गेले असते. पर तुमच्या मनात काय हाय, ते मला कुणी सांगितलं असतं?" निकिता हसायला गेली, पण आवाज बिघडला. "आई असती तर तिला विचारलं असतं. तुमाला विचारलं, तर तुमी म्हणनार, बघ बाई, तुझं तू. म्हणून मी ठरवलं हुतं. मीठ जास्त पडलं, तर जायचं न्हाई. आनि त्याच्याबद्दल पुन्हा कदी बोलायचंबी न्हाई."

रंगनाथाला बसायला काही सापडेना. शेवटी तो पाट्याशेजारी खालीच बसला. "म्हंजी तू बघितलंस?"

"तव्याच्या मागं स्टीलचं झाकण हाय, त्यात सगळं दिसतंय. दुसरी चिमूट वर धरली तवाच मी म्हणाले, चला, राहिले मी इथंच. आनि खरं सांगू? मला राग न्हाई आला. बरं वाटलं. म्हटलं, अण्णांना मी पाहिजे हाय." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "आनि मग तुमी ती परत टाकली."

रंगनाथाला लेकीचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि आत्ता या घडीला जया इथं असायला हवी होती असं फार वाटलं. तिन्ही एकदमच. बाहेरून एक ट्रक गेला, पत्रा थरथरला. जया असती तर आता तिनंच मधे बसून सगळं सांगितलं असतं, पण ती नव्हती. जे काही सांगायचं ते ज्याचं त्यालाच सांगावं लागणार होतं. मग त्यानं उठून लेकीच्या डोक्यावरून ओलाच हात फिरवला.

"निकिता," तो म्हणाला, "मला करमायचं न्हाई. लई जड जाईल. पर तू जाऊन ये."